शाळेच्या प्रयोगशाळेत भाजलं तर, आणि भाजू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि पालक यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. आत्ता, या क्षणी कुणी भाजलं असेल तर फक्त प्रश्न १ वाचा आणि नळाकडे पळा. बाकीचं नंतर.

१. मूल भाजलं. पहिल्या मिनिटाला नेमकं काय करायचं?

आधी त्याला ज्योतीपासून, गरम वस्तूपासून किंवा सांडलेल्या रसायनापासून बाजूला घ्या. मग भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली धरा आणि घड्याळ लावून २० मिनिटं धरून ठेवा. हे चालू असतानाच अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ, मनगटावरचे दोरे काढून टाका. थोड्या वेळात सूज येते आणि मग ते कापूनच काढावे लागतात. कपडे सैल असतील तर काढा. कातडीला चिकटले असतील तर ओढू नका, भोवतीचं कापड कापून घ्या.

दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन करायचा आणि तिसऱ्याने बाकीच्या मुलांना बाहेर काढायचं. एकटे असाल तर मुलाला नळाखाली उभं करून तिथूनच हाका मारा.

भाजण्याचं कारण रसायन असेल तर प्रश्न ५ ते ८ पाहा. त्यात एक-दोन अपवाद आहेत.

२. वीस मिनिटं म्हणजे खरंच वीस? पाच मिनिटांत मूल "बरं वाटतंय" म्हणतं.

खरंच वीस. ज्योत विझली, उकळतं पाणी ओघळून गेलं, तरी कातडीच्या आतल्या थरांत उष्णता शिल्लक असते आणि ती खाली उतरत राहते. पाणी ती बाहेर खेचतं, जखमेची खोली कमी करतं, वेदनाही उतरवतं. बरं वाटतंय ते पाणी चालू आहे म्हणूनच. हात बाहेर काढून बघा, दोन मिनिटांत परत आग होईल.

गडबडीत वेळ गेला असेल, तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. शाळेने काहीच केलं नाही असं घरी आल्यावर कळलं, तर "आता काय उपयोग" म्हणून सोडू नका.

बर्फ मात्र नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त मिळेनासं होतं. लहान मुलाच्या अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर गार पाण्याने ते कुडकुडायला लागू शकतं. अशा वेळी पाणी फक्त भाजलेल्या भागावर ठेवा, बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळा.

३. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई, किंवा प्रथमोपचार पेटीतलं पिवळं मलम लावू का?

नाही. यातलं काहीही लावलं की आतली उष्णता अडकते, जखम मळते आणि डॉक्टरांना ती किती खोल आहे हे कळत नाही. मग ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि तेव्हा मूल जे ओरडतं ते ऐकवत नाही. पिवळ्या मलमावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विश्वास आहे, पण रंगीत काहीही लावायचं नाही हा नियम त्यालाही लागू आहे.

पाणी झाल्यावर जखमेवर स्वच्छ, धुतलेलं सुती कापड किंवा स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात ती पारदर्शक प्लास्टिक फिल्म अलगद ठेवा. हाताला गोल आवळून गुंडाळू नका. सुटा कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात. फोड फोडायचे नाहीत.

४. आमच्या प्रयोगशाळेच्या नळाला पाणीच नसतं. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्नही हाच आहे. भिंतीवर "सुरक्षेचे नियम" फ्रेम करून लावलेले असतात आणि खालच्या बेसिनची तोटी गंजलेली असते. गॉगल, ॲप्रन, अग्निशामक या सगळ्यांच्या आधी पाणी. नळ कोरडा असेल तर त्या तासाला ज्योत आणि तीव्र आम्ल बाहेर काढूच नका.

हिशोब सोपा आहे. मगाने किंवा बारीक धारेने मिनिटाला दोन-तीन लिटर पाणी जातं, म्हणजे २० मिनिटांना ४० ते ६० लिटर. वीस लिटरचा एक जार पुरत नाही, तीन लागतात, आणि तेही एकाच मुलापुरते. तोटी असलेला २०० लिटरचा पिंप स्टँडवर ठेवणं उत्तम. त्याला झाकण असावं, पाणी दर आठवड्याला बदलावं, आणि "रिकामी भांडी धुण्यासाठी नाही" अशी पाटी लावावी. नाहीतर गुरुवारपर्यंत तो रिकामा झालेला असतो.

उन्हाळ्यातली एक अडचण विदर्भ-मराठवाड्यातल्या शिक्षकांना सांगायला नको: गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये दुपारी चटका देतं. आधी स्वतःचा हात धरून बघा, गरम धार वाहून जाऊ द्या, मग मुलाचा हात धरा. ती धार गारच होत नसेल तर माठातलं किंवा पिंपातलं पाणी वापरा.

५. ॲसिड अंगावर सांडलं. पाणी टाकायचं, की खाण्याचा सोडा लावून ते मारायचं?

पाणी, भरपूर आणि ताबडतोब. आम्लावर सोडा किंवा अल्कलीवर (कॉस्टिक सोड्यासारख्या रसायनावर) लिंबू हा विचार फळ्यावरच्या समीकरणात बरोबर आहे, कातडीवर चूक. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते, त्यामुळे रसायनाच्या जखमेवर उष्णतेची जखम होते. शिवाय सोडा शोधण्यात जो वेळ जातो तो फुकट. सोडा ठेवायचा तो टेबलावर आणि फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी.

"तीव्र सल्फ्युरिक आम्लावर पाणी पडलं की ते तापतं, मग आधी कोरड्या फडक्याने पुसायचं ना?" असंही विचारतात. थोडंसं पाणी टाकलं तर तापतं हे खरं. म्हणूनच ओल्या फडक्याने पुसायचं नाही, थेट मोठी धार सोडायची. ती उष्णताही वाहून नेते आणि आम्लही. आम्लाने भिजलेला शर्ट, मोजे, बूट धारेखालीच उतरवा. इथे लाजण्यात मिनिटं घालवू नका, मुलीसाठी चादर धरून दोघी मैत्रिणी उभ्या राहू शकतात. धार अशी धरा की वाहून जाणारं पाणी चांगल्या कातडीवर किंवा डोळ्यांकडे जाणार नाही. २० मिनिटं हा इथे कमीत कमी वेळ आहे.

६. कॉस्टिक सोडा हातावर सांडला, पण जळजळ झाली नाही. धुऊन सोडून दिलं तर चालेल?

चालणार नाही. अल्कलीचा घात असाच असतो. आम्लाने भाजलं की ऊतींतली प्रथिनं गोठतात आणि तो थर आम्लाला थोडाफार अडवतो. सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक सोडा) किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडीतल्या चरबीचा साबण करतं आणि आत आत जात राहतं. सुरुवातीला दुखत नाही, फक्त बोटं बुळबुळीत लागतात. ती बुळबुळ ही आपलीच कातडी असते. बुळबुळ जाईपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ धुवा, अर्धा-पाऊण तास धुतलं तरी जास्त नाही, आणि डॉक्टरांना दाखवा.

७. डोळ्यात गेलं तर?

सेकंदाचाही विचार न करता पाणी. मुलाला बाकावर आडवं करा किंवा बेसिनवर वाकवा, ज्या डोळ्यात गेलं आहे तो खालच्या बाजूला राहील असं डोकं वळवा, दोन बोटांनी पापण्या उघड्या धरा आणि नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला मंद धार सोडा. मूल डोळा घट्ट मिटणारच, त्यामुळे पापण्या धरायला दुसरं माणूस लागतं. निदान २० मिनिटं. अल्कली असेल तर रुग्णालयात जाताना रिक्षातही बाटलीने पाणी घालत राहा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर धुता धुता काढा, पण तिच्यासाठी धुणं थांबवू नका. डोळा चोळू द्यायचा नाही, घरातले जुने थेंब घालायचे नाहीत. लालसरपणा नसला तरी नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी दाबून फुटल्यामुळे डोळ्यात चुना उडणं हा शाळेबाहेरचा पण अगदी याच जातीचा अपघात आहे. उपचार तोच. चुन्याचे कण पापणीखाली अडकून बसतात, म्हणून डॉक्टरांना "चुना होता" हे आवर्जून सांगा.

८. असं कोणतं रसायन आहे का, ज्यावर पाणी टाकायचंच नाही?

शाळेत दोन सापडतात.

पहिलं कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. कोरडी पूड अंगावर पडली तर आधी कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने झटकून काढा, कपडे उतरवा, आणि मग भरपूर पाणी. कॉस्टिक सोड्याचे सुके दाणेसुद्धा आधी झटकावेत. डोळ्याला हा नियम नाही, तिथे लगेच पाणीच.

दुसरं सोडियम धातू. त्याचा तुकडा कातडीवर असताना पाणी टाकलं तर तिथेच पेट घेईल. चिमट्याने तुकडे उचलून केरोसीनमध्ये किंवा द्रव पॅराफिनमध्ये टाका, एकही दिसत नाही याची खात्री करा, मग पाण्याची मोठी धार. सोडियमच्या आगीवर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही, फक्त कोरडी वाळू. वाळूची बादली खिडकीखाली पावसात भिजलेली असेल तर ती वाळू नाही, पाणीच आहे.

९. कपड्यांनी पेट घेतला तर पळणाऱ्या मुलाला कसं थांबवायचं?

ओरडून: "थांब, झोप, लोळ!" पळण्याने वारा मिळतो आणि उभं राहिलं की ज्वाळा चेहऱ्याकडे चढतात. त्याला जमिनीवर पाडा आणि जाड सुती किंवा लोकरी घोंगडी खांद्यापासून पायाकडे दाबत टाका. चेहरा उघडा ठेवा. घोंगडी नसेल तर लोळवा. पाण्याची बादली हाताशी असेल तर तीच ओता. आग विझल्यावर घोंगडी काढा आणि प्रश्न १ प्रमाणे पाणी सुरू करा. गरम घोंगडीत गुंडाळून ठेवलं तर भाजणं आत चालूच राहतं.

पडद्याचं नायलॉन किंवा पॉलिस्टरची ओढणी टाकू नका, ती वितळून चिकटते.

१०. डॉक्टरकडे कधी न्यायचं? आणि कोणत्या?

रसायनाने किंवा विजेने भाजलं असेल तर आकार न बघता न्यायचं. चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय किंवा सांधा भाजला असेल, हाता-पायाभोवती गोल भाजलं असेल, धूर छातीत गेला असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळले असतील, तेव्हाही न्यायचंच. मोठ्या जखमेचा अंदाज घ्यायला एक माप उपयोगी पडतं: बोटांसकट त्या मुलाचा स्वतःचा तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. फोड आलेला भाग तळहाताहून मोठा असेल तर रुग्णालय. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर मुलाला शिरेतून द्रव द्यावं लागतं आणि दाखल करावंच लागतं.

श्वासाचा त्रास नसेल तर आधी २० मिनिटं पाणी, मग गाडी. अर्ध्या मिनिटात मुलाला मोटारसायकलवर टाकून धुळीतून पळवणं ही आपली सवय आहे आणि ती जखम वाढवते.

मोठ्या जखमांसाठी भाजलेल्यांचा स्वतंत्र विभाग असलेलं रुग्णालय हवं. नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, मुंबईत भायखळ्याचं मसिना, पुण्यात ससून ही काही ठिकाणं. तुमच्या जिल्ह्यात असा विभाग कुठे आहे ते वर्षाच्या सुरुवातीला विचारून, नंबर प्रयोगशाळेच्या दारामागे लिहून ठेवा. जवळचं खासगी रुग्णालय "पोलीस केस आहे" म्हणून हात झटकत असेल, तर जीव वाचवणारा तातडीचा उपचार आधी आणि कागद नंतर हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं हे पालकांना विचारून ठेवा.

११. जागा पांढरी पडली आहे आणि मूल म्हणतं दुखत नाही. म्हणजे किरकोळ ना?

उलट. लाल आणि झोंबणारी जखम वरवरची असते. फोड आलेली मधली. पांढरट, मेणचट, चामड्यासारखी किंवा काळी पडलेली आणि न दुखणारी जखम सगळ्यात खोल, कारण तिथल्या वेदना पोचवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. थेट रुग्णालय.

१२. स्पिरिटचा दिवा धोकादायक आहे का? आमच्याकडे गॅस नाही, दुसरं काही नाही.

दिवा जळत असतो तेव्हा फारसा नाही. धोका तो भरताना असतो. शाळेतला मोठा भडका बहुतेक वेळा असा होतो: तास चालू आहे, एक दिवा विझतो, कुणीतरी पाच लिटरच्या कॅनमधून किंवा बाटलीतून त्यात स्पिरिट ओततं. वात अजून लालसर आहे किंवा शेजारचा दिवा जळतो आहे. स्पिरिटची ज्योत निळसर असते आणि खिडकीतून ऊन येत असेल तर दिसतच नाही, त्यामुळे "विझलाय" हा निव्वळ अंदाज असतो. वाफ पेटते, ज्योत धारेवरून बाटलीत शिरते, आणि बाटलीचं तोंड समोर बसलेल्या मुलांकडे जळतं स्पिरिट फेकतं. ओतणाऱ्याला कमी लागतं, समोरच्याला जास्त.

स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथॅनॉल, आणि त्याची वाफ ज्या तापमानापासून ठिणगीने पेटू शकते (फ्लॅश पॉइंट) ते साधारण १३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे महाबळेश्वरची एखादी पहाट सोडली तर आपल्या कोणत्याही वर्गात त्याची वाफ पेटायला तयारच असते. आणि जवळजवळ रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा वाईट, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचं मिश्रण साठलेलं असतं.

यावरून येणारा नियम एकच, पण तो मोडायचा नाही: दिवे तास सुरू होण्याआधी भरायचे, आणि पहिली काडी ओढण्याआधी स्पिरिटची बाटली खोलीबाहेर, कुलपात. तासाला ती परत आत येत नाही. दोन दिवे जादा भरून ठेवा, एखादा विझला तर तो उचलून बाजूला ठेवा आणि दुसरा द्या. हे करायला पैसे लागत नाहीत, कुणाची मंजुरीही लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. दिवा दोन-तृतीयांशपर्यंतच भरावा, तळाशी येईपर्यंत जाळूही नये. एका दिव्याने दुसरा पेटवू नये. फुंकून विझवू नये, टोपण घालावं. शाईच्या किंवा औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून केलेले दिवे अजून दिसतात. त्यात वात सैल बसते आणि ज्योत आत उतरू शकते. ते टाकून द्या. आणि पाचवी ते सातवीच्या पुष्कळ प्रयोगांना मेणबत्ती किंवा थर्मासमधलं गरम पाणी पुरतं. तिथे स्पिरिट हवंच कशाला?

१३. गॅसच्या बर्नरचं काय?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो ओट्याखाली आणि फरशीलगत साचतो. म्हणून वास आला तर खिडकीबरोबर दारही उघडा, आणि पंख्याचं किंवा दिव्याचं बटण दाबू नका. चालू असलेला पंखाही बंद करू नका. पेटवताना आधी काडी, मग कॉक. रबरी नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. सिलिंडर शक्यतो खोलीबाहेर असावा आणि मुख्य कॉक शिक्षकाच्या हाताशी.

१४. सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना नियम पाठ आहे, तरी उडतं. का?

"आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही" हे सगळ्यांना पाठ असतं. कारण माहीत असेल तर हात आपोआप नीट चालतो. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४ आहे. त्यात पाणी ओतलं तर ते वर तरंगतं, जिथे दोन्ही भेटतात तिथे प्रचंड उष्णता निर्माण होते आणि वरचं पाणी उकळून आम्ल घेऊन उडतं. उलट केलं तर आम्ल खाली बसतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात विभागली जाते.

बरोबर क्रमाने करूनही उडतं ते घाईमुळे: एकदम ओतलं, ढवळलं नाही, पाणी आधीच कोमट होतं. चंचुपात्र गार पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, काचेच्या कांडीवरून थोडं थोडं ओता, मध्ये थांबा. जाड काचेच्या बाटलीत किंवा मोजपात्रात पातळ करू नका, तडकते. आणि हे काम शिक्षकाचं किंवा सहायकाचं, विद्यार्थ्याचं नव्हे. मुलांच्या टेबलावर पातळ केलेलंच आम्ल जावं.

१५. गरम परीक्षानळी आणि तिवईने भाजण्याचे प्रकार कसे थांबतील?

गरम काच आणि गार काच सारखीच दिसते. "गरम" लिहिलेली एक फरशी टेबलावर ठेवा, तापलेली प्रत्येक वस्तू तिथेच जाईल. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघायला शिकवा. तळहात नको, चटका बसलाच तर पकडायची बाजू शाबूत राहिली पाहिजे.

परीक्षानळीचं तोंड स्वतःकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही. एक-तृतीयांशाहून जास्त भरायची नाही, तळाशी एकाच जागी न तापवता हलवत तापवायची. एकाच जागी तापली की आतलं द्रव अचानक उसळून बाहेर येतं. वाफेला कमी लेखू नका: १०० अंशांची वाफ कातडीवर पाणी होताना आपली सुप्त उष्णताही तिथेच सोडते, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते.

१६. कोणते प्रयोग मुलांना करू द्यायचे नाहीत, फक्त करून दाखवायचे?

माझी यादी: सोडियम आणि पाणी (तुकडा मुगाच्या दाण्याहून मोठा नाही, वर जाळी किंवा काच), हायड्रोजन तयार करणं, तीव्र आम्लं पातळ करणं, थर्माइट (ॲल्युमिनियम आणि लोहाच्या ऑक्साइडची प्रखर तापणारी अभिक्रिया). लासेन चाचणीत (सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं सोडियमबरोबर तापवून ओळखण्याच्या) लाल तापलेली नळी पाण्यात बुडवतात. आत न जळलेलं सोडियम राहिलं असेल तर ती फुटून उडते, म्हणून बशीवर जाळी आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय ती मुलांच्या हाती नको.

हायड्रोजनचा "पॉप" आवाज ऐकवायचा तो लांब नेलेल्या लहान परीक्षानळीत. ज्या फ्लास्कमध्ये जस्त आणि आम्ल आहे त्याच्या तोंडाशी काडी नेऊ नका. पोटॅशियम परमँगनेटमध्ये तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यातून तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोटक असतं. हा प्रयोग दाखवायचासुद्धा नाही.

१७. रंगीत ज्योतींचा "इंद्रधनुष्य" प्रयोग छान दिसतो. मिथेनॉल वापरून करू का?

करू नका. बशांमध्ये क्षार ठेवून त्यावर मिथेनॉल ओतून पेटवण्याच्या या आणि यासारख्या प्रयोगांनी अमेरिकेत मुलं गंभीर भाजली आहेत. २०१४ या एका वर्षात न्यूयॉर्क आणि डेन्व्हर इथल्या शाळांत आणि रेनोच्या एका विज्ञान संग्रहालयात मिथेनॉलचे भडके उडाले. त्यानंतर तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने सूचना काढल्या आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने हा प्रयोग उघड्या टेबलावर करणं थांबवा असं सांगितलं. कारण प्रश्न १२ मधलंच: ज्योत मंदावली म्हणून बाटलीतून आणखी ओतलं.

रंग तसेच दिसतात, फक्त रीत बदला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवा आणि एकेक बर्नरच्या ज्योतीत धरा. निक्रोमची तार असेल तर तीही चालते.

१८. ॲप्रन सक्तीचा करावा का? गणवेश तर पॉलिस्टरचाच असतो.

म्हणूनच करावा. पॉलिस्टर पेटण्यापेक्षा वितळतं आणि कातडीला चिकटतं. ॲप्रन सुती, पूर्ण बाह्यांचा, पुढून पटकन उघडणारा हवा. ओढणी पिन न करता काढून बाहेर ठेवावी. वेण्या मागे किंवा वर बांधाव्यात, मोकळ्या तेल लावलेल्या बटा ज्योतीपाशी फार लवकर पेटतात. चपला नकोत, बंद बूट. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूने उडालेलं आत जातं. सॅनिटायझर लावलेले हात पूर्ण सुकल्याशिवाय काडी पेटवू नये.

१९. अग्निशामक कोणता ठेवायचा?

एबीसी प्रकारची कोरडी पावडर बहुतेक गोष्टींना चालते, उपकरणांजवळ कार्बन डायऑक्साइड. टेबलावर सांडलेलं थोडं स्पिरिट पेटलं तर ओलं गोणपाट अंथरलं तरी विझतं, त्यासाठी फवारा मारून जळता द्रव पसरवू नका. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला २००४ मध्ये लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. त्यावरच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांना अग्निसुरक्षेची साधनं सक्तीची केली. नळकांडी आली, पण वापरायला किती जणांना शिकवलं? पिन काढून, आगीच्या मुळाशी नेम धरून एकदा तरी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी फवारून बघावं.

२०. शाळेला आम्लाची नोंदवही ठेवावी लागते म्हणतात. खरं आहे का?

हो. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आम्लविक्रीवर निर्बंध घातले, त्यात शैक्षणिक संस्थांसाठीही सूचना आहेत. आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवायची आणि ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायची, साठ्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवायची, आणि जिथे आम्ल वापरलं जातं त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. बऱ्याच शाळांत ही वही नाही. अपघातानंतर पहिल्यांदा तीच मागतात.

२१. खर्च कोण देणार? आणि पोलिसांत जाईल का?

भाजण्याची नोंद रुग्णालय सहसा एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून करतं. त्याला घाबरून "घरी गरम पाणी सांडलं" असं सांगायला लावू नका. रसायनाचं नाव लपलं तर उपचार चुकतो. बाटलीच्या लेबलचा फोटो सोबत न्या. निष्काळजीपणाने दुखापत केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं, आणि तिथे घटनेनंतर लगेच लिहिलेला खरा जबाब शाळेच्याही उपयोगी पडतो.

पैशांसाठी दोन दारं आहेत. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही भाजण्याचे उपचार आहेत. रुग्णालय योजनेत आहे का हे दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. बिलं आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती जपा.

२२. उजवा हात भाजला आणि बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आहे.

वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन मुख्याध्यापकांमार्फत लगेच विभागीय मंडळाला कळवा. वेळेत प्रात्यक्षिक देता आलं नाही तर लेखी परीक्षेनंतर होणाऱ्या "आउट ऑफ टर्न" परीक्षेत ते देता येतं, आणि लेखी पेपरसाठी लेखनिकाची परवानगी मागता येते. पट्टी काढून, फोड सांभाळत कसंबसं टायट्रेशन उरकायला लावणारे पालकही भेटतात. बोटांच्या सांध्यांवरची जखम भरताना कातडी आखडते. फिजिओथेरपी चुकवली तर मूठ वळेनाशी होते, आणि मग शस्त्रक्रिया लागते. बऱ्या झालेल्या जागेला खाज सुटते, तिथे साधं मॉइश्चरायझर लावा आणि ती निदान वर्षभर उन्हापासून झाका, नाहीतर डाग काळा पडतो.

२३. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलगा घरीच ज्वालामुखी बनवतोय. काळजी करू का?

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा असेल तर नाही, फरशी पुसायची तयारी ठेवा. अमोनियम डायक्रोमेटचा नारंगी ज्वालामुखी असेल तर ताबडतोब थांबवा. तो ठिणग्या उडवतो आणि मागे उरणाऱ्या पुडीतही विषारी डायक्रोमेट शिल्लक असू शकतं. कार्बाइड आणि पाण्याची पाइपची बंदूकही नकोच. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास अशा बंदुकांनी अनेक मुलांचे डोळे जखमी झाले. ती पेटत नाही म्हणून मूल नळीत डोकावतं आणि नेमकी तेव्हाच ती उडते.

प्रदर्शनाच्या मांडवात ज्योत असलेले प्रकल्प कडेला, कनातीपासून लांब, आणि पाण्याच्या पिंपाजवळ लावा. परीक्षक येईपर्यंत दिवा पेटवून ठेवायची गरज नसते. ते समोर उभे राहिले की मग काडी ओढायची.